टांकसाळीची चूक आणि हाताची झीज

मराठी भाषेनें नाण्यांच्या व्यवहारांतून जितके बोल उचलले आहेत तितके दुसऱ्या एखाद्या व्यवहारांतून क्वचितच उचलले असतील. माणूस पारखून घ्यावा, बोलणें खणखणीत असावें, कुळाला बट्टा लागूं नये, हे सर्व वाक्प्रचार सराफाच्या पेढीवरून घरांत आले. यांपैकीं ‘बट्टा’ हा शब्द विशेष विचार करण्यासारखा आहे. झिजलेल्या, हिणकस किंवा परमुलखांतील नाण्यावर सराफ जी कसर कापून घेई तिला बट्टा म्हणत. नाणें कशामुळें कमी भरलें, टांकसाळीनेंच तें तसें पाडलें कीं शंभर हातांत फिरून तें झिजलें, याची चौकशी सराफ करीत नसे. वजन आणि कस पाहिला म्हणजे त्याचें काम झालें. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तेवढ्यावर थांबतां येत नाहीं. त्याच्या दृष्टीनें टांकसाळींत झालेली चूक हा पुरावा आहे आणि नंतर झालेली इजा ही त्या नाण्याची पुढील हकीकत आहे. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे पुरावा अपघातांत जमा होतो आणि अपघात पुराव्याच्या जागीं जाऊन बसतो.

हा भेद केवळ कोरड्या पांडित्याचा आहे असें कोणी समजूं नये. पुष्कळ घरांतून देवघराच्या कोनाड्यांत किंवा आजीच्या पेटींत जुन्या नाण्यांची एखादी पुरचुंडी असते. अलीकडे ‘चुकलेल्या’ नाण्याला अफाट किंमत येते अशी आवई उठल्यामुळें अनेक सुशिक्षित कुटुंबें ती पुरचुंडी सोडून बसूं लागलीं आहेत. तींत एक पैसा कडेला तुटलेला सांपडतो, दुसऱ्यावरचें अक्षर पुसट असतें, तिसरा वांकडा असतो. यांतील कोणता पैसा टांकसाळींतून तसाच बाहेर पडला व कोणता चुलीजवळ, रुळावर किंवा सोनाराच्या ऐरणीवर बिघडला, हें न कळल्यामुळें एकीकडे फसवणूक होते. आणि दुसरीकडे, याहून वाईट म्हणजे, खरोखर बोलकें नाणें ‘खराब’ म्हणून तांबटाच्या मोडींत जातें. शिवराईसारख्या नाण्यावर सन नाहीं, टांकसाळीचें नांव नाहीं. जें कांहीं सांगावयाचें तें त्यानें आपल्या धातूनें, वजनानें व अक्षरांनींच सांगावयाचें. असा साक्षीदार एकदां मुशींत गेला कीं त्याची साक्ष पुन्हां मिळत नाहीं.

या विषयाचा विचार करण्यास रायगड जिल्ह्यांतील धरमतरच्या खाडीचा कांठ फार सोयीचा आहे. सह्याद्रींतून निघालेली अंबा नदी नागोठण्याच्या बाजूस भरतीच्या पाण्याला भेटते, पुढें पेण व अलिबाग यांच्या मधून रुंदावत धरमतरवरून जाते आणि रेवसजवळ मुंबईच्या बंदराला मिळते. आगबोटींच्या काळांत मुंबईहून येणारा उतारू धरमतरला उतरून पेण, अलिबाग किंवा महाड यांचा रस्ता धरीत असे. आज त्याच खाडींतून डोलवीच्या पोलादाच्या कारखान्याचा कोळसा व कच्चें लोखंड येतें. पेणचें मीठ आणि भात याच पाण्यावरून मुंबईस गेलें व त्याचे पैसे याच पाण्यावरून परत आले. या जलमार्गाच्या एका टोंकाला, नागोठण्यास, तांब्याचे पैसे पाडण्याची टांकसाळ घालण्याची परवानगी पेशव्यांनीं अठराव्या शतकांत दिली होती. दुसऱ्या टोंकाला, मुंबईच्या कोटांत, १८३० पासून वाफेच्या यंत्रावर नाणीं पडूं लागलीं. हाताची टांकसाळ आणि यंत्राची टांकसाळ यांचीं अपत्यें एकाच खाडीच्या कांठीं, एकाच कुळवाड्याच्या कनवटीला, कित्येक वर्षें शेजारीं शेजारीं नांदलीं. कारण शिवराई ही एकोणिसावें शतक संपत येईपर्यंत बाजारांत चालत होती. म्हणून नाण्यांतील दोष म्हणजे काय, हा प्रश्न येथें दोन्ही बाजूंनीं तपासून पाहतां येतो.

प्रथम हाताच्या टांकसाळीकडे वळूं. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं नागरी अक्षरें व भोंवतीं टिंबांचें वर्तुळ, असें ज्या तांब्याच्या पैशाचें रूप आहे, तीच शिवराई. त्याच समारंभाच्या सुमारास मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन हा तहाच्या वाटाघाटीसाठीं रायगडावर आला होता. इंग्रजांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती कीं, त्यांचें नाणें महाराजांच्या राज्यांत चालावें. निराजी पंडितांच्या मुखानें त्यांना जें उत्तर मिळालें त्याचा आशय असा: कोणाचेंहि नाणें चालूं नये अशी महाराजांची मनाई नाहीं, परंतु ज्या नाण्यानें रयतेला तोटा येईल तें घेण्याची सक्ति ते तिच्यावर करूं शकत नाहींत, इंग्रजांचें नाणें कसाला व वजनाला इतर राजांच्या नाण्यांइतकें उतरलें तर तें आपोआप चालेल.

या उत्तरांत त्या काळचें सारें नाणेशास्त्र आलें आहे असें आम्हांस वाटतें. नाण्यानें दिलेलें वचन दोनच गोष्टींचें होतें, कसाचें आणि वजनाचें. छाप वाटोळा असावा, अक्षरें मधोमध यावींत, कड सारखी असावी, असें वचन कोणी दिलें नव्हतें व कोणी मागितलेंहि नव्हतें.

पुढें पेशवाईंत हेंच वचन लेखी कराराच्या रूपानें दिसतें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मराठी राज्यांतील नाणीं व टांकसाळी यांवर मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत एक निबंध वाचला. पेशव्यांच्या रोजनिशींतील जे दाखले त्यांनीं त्यांत पुढें आणले त्यांवरून असें दिसतें कीं, १७४४ च्या सुमारास बाळाजी बाजीराव पेशवे यांनीं नागोठण्याच्या बाळाजी बापूजी यांस तीन वर्षांच्या मुदतीनें तांब्याचे पैसे पाडण्याची टांकसाळ घालण्यास परवानगी दिली. रेवदंड्याच्या बहिरो राम दातार यांनाहि अशीच परवानगी मिळाली. मक्तेदारानें ठराविक रक्कम सरकारांत भरावयाची आणि पैसा दहा माशांचा पाडावयाचा, असा करार. बारा माशांचा तोळा व तोळ्याचे सुमारें साडेअकरा ग्रॅम असा हिशेब धरला तर दहा मासे म्हणजे साडेनऊ ग्रॅमांच्या वर भरतात. करारांत वजन आहे. अक्षरांच्या सुबकतेविषयीं अट दिसत नाहीं. तेव्हां नागोठण्याच्या पैशांतील खरी चूक कोणती, असें विचारल्यास तिचें उत्तर ताजव्यांतच शोधावें लागतें. दहाऐवजीं साडेआठ माशांचा पैसा पाडला गेला असेल, तर तो डोळ्यांना कितीहि देखणा असो, तीच टांकसाळीची खोट.

हातानें पैसा कसा पडे हें पाहिलें म्हणजे ही गोष्ट अधिक उलगडेल. तांब्याचे वजनाप्रमाणें तुकडे करावयाचे, ते ठोकून चपटे करावयाचे, खालचा ठसा ऐरणींत घट्ट बसवावयाचा, त्यावर तुकडा ठेवून वरचा ठसा हातांत उभा धरावयाचा आणि वरून घणाचा घाव घालावयाचा. ठसा बहुधा तुकड्याहून मोठा असे. त्यामुळें सबंध मजकूर एका पैशावर उतरणें हा योगायोगच. कोणावर ‘श्री’ अर्धाच येई, कोणावर ‘पति’ कडेबाहेर जाई, कोणावर टिंबांचें वर्तुळ एकाच अंगाला दिसे. थंड तांब्यावर घाव बसला म्हणजे कड फाटून तिला आंत जाणाऱ्या चिरा पडत. घण उसळून दुसऱ्यांदा बसला तर एका अक्षरावर दुसऱ्या अक्षराची सावली पडे. यांतील एकाहि गोष्टीला इजा म्हणतां येणार नाहीं, आणि आमच्या मतें चूक म्हणणेंहि योग्य नाहीं. हाताच्या कामाची ती नेहमींची रीत आहे. एखादी शिवराई मध्यापासून ढळली आहे एवढ्यावरून तिला दुर्मिळ ठरवून चढी किंमत सांगणारा विक्रेता अशा गुणाची किंमत मागतो, जो तिच्या बहुतेक भावंडांत असतो.

शिवराईच्या अक्षरांचा प्रश्न मात्र याहून खोल आहे. कांहीं शिवराया जाड, भारदस्त व रेखीव अक्षरांच्या असतात. कांहींवर ‘शिव’ऐवजीं ‘शीव’, ‘सिव’ किंवा ‘सीव’ आढळतें, ‘पति’चा ‘पती’ होतो, तर कधीं वेलांटीच गळते. अक्षरांच्या ओळींमध्यें दोन आडव्या दांड्या असलेली ती दुदांडी शिवराई. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शिवराई बाजारांतून नाहींशी होत असतांना, ती मोठ्या संख्येनें गोळा केली व अशा अक्षरभेदांचा प्राथमिक अभ्यास एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांतच प्रसिद्ध केला. महिपतीच्या संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक म्हणून वाचकांना परिचित असलेले अ‍ॅबट ते हेच. पुष्कळ नाणीं एकत्र पाहण्याचें महत्त्व यांतच आहे. एका शिवराईवर वेलांटी नसेल तर ती कोरलीच नव्हती कीं झिजून गेली, हें त्या एका नाण्यावरून सांगतां येत नाहीं. परंतु त्याच ठशाच्या चार शिवरायांवर त्याच जागीं ती नसेल आणि शेजारचीं अक्षरें टवटवीत असतील, तर कोरक्याच्या हातून ती राहिली हें उघड होतें.

येथें आपल्या हातीं पहिला नियम येतो. ठशांतील दोष जसाच्या तसा पुनः पुनः उमटतो. इजा कधींहि हुबेहूब दोनदां होत नाहीं. न्यायालयांत दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगूं लागले म्हणजे तिचें वजन वाढतें, तसाच हा प्रकार. अक्षरभेदांचे असे गट पाडतां आले म्हणजे एका ठशाचीं नाणीं कोणत्या मुलखांत अधिक सांपडतात हें पाहतां येतें, आणि नांव नसलेल्या पैशाची टांकसाळ अजमावण्यास थोडा आधार मिळतो. उलट, झिजलेल्या किंवा घासलेल्या पैशालाच नवा प्रकार समजून कोणी यादींत घातलें, तर अस्तित्वांतच नसलेल्या ठशाची भर इतिहासांत पडते.

शिवराईला इजा होण्याच्या वाटा आपल्या घरांतच आहेत. पूजेंतील पैसा सणावारीं चिंचेनें घासून लखलखीत करण्याची चाल घरोघर आहे. चिंचेचें आम्ल तांब्यावरचा जुना थर खातें व त्याबरोबर अक्षरांच्या कडाहि खातें. असा पैसा गुळगुळीत, वजनाला हलका व रंगानें ताजा दिसतो. खाडीकांठच्या खाऱ्या मातींत पुरलेल्या तांब्याला क्षार लागून त्यावर फिकट हिरवी भुकटी येते, व ती झडली म्हणजे खालीं वेडेवांकडे खळगे राहतात. हे खळगे अक्षरांची पर्वा न करतां त्यांच्या मधून जातात. ठशाचा दोष तसा नसतो, तो अक्षराच्या रेषेशीं संबंध ठेवून असतो. गळ्यांत बांधण्यासाठीं कडी लावलेल्या रुपयाच्या कडेवर डाखाचा ठिपका राहतो. भोक पाडलेलें असेल तर टोंचा ज्या बाजूनें घुसला तिकडे धातु आंत वळते आणि दुसऱ्या बाजूस तिची कोर उभी राहते. चांदीच्या रुपयांवर सराफ परीक्षेसाठीं बारीक खुणा ठोकीत असत. त्या खुणा मूळ छापाच्या डोक्यावर बसलेल्या असतात, म्हणजेच छापानंतरच्या असतात. कोणती खूण आधींची व कोणती नंतरची, हें ओळखणें हीच या सर्व परीक्षेची किल्ली होय.

आतां खाडीच्या दुसऱ्या टोंकास जाऊं. मुंबईची टांकसाळ मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखालीं १८२४ ते १८२९ या काळांत बांधली गेली. तिच्या शेजारीं १८३३ मध्यें टाऊन हॉल पुरा झाला, आणि ज्या सोसायटींत पुढें रानडे व अ‍ॅबट यांनीं शिवराईची चर्चा केली तिचें बिऱ्हाड याच टाऊन हॉलांत होतें. वाफेच्या यंत्रावर नाणें पाडणाऱ्या टांकसाळीच्या भिंतीला लागून हातानें पाडलेल्या नाण्यांचा अभ्यास व्हावा, हा योग मोठा मौजेचा आहे. यंत्राचीं नाणीं मुंबई इलाख्याला अगदींच नवीं नव्हतीं. १७९१ पासून बर्मिंगहॅमजवळील मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो टांकसाळींतून कंपनीचे तांब्याचे पैसे जहाजानें येत, व त्यांवर तराजूचें चिन्ह असे. परंतु खरें स्थित्यंतर १८३५ च्या कायद्यानें झालें. कंपनीच्या सर्व मुलखांत एकशें ऐंशी ग्रेनचा एकच रुपया ठरला व शंभर ग्रेनचा तांब्याचा पाव आणा त्याच्या जोडीला आला. पुढें १८४० मध्यें कुलाब्याचें आंग्र्यांचें संस्थान कंपनीनें खालसा केलें, आणि खाडीच्या दोन्ही कांठांवर या नव्या नाण्याचा अंमल बसला.

या नाण्यानें वजनाबरोबर आणखी एक वचन दिलें होतें, तें एकसारखेपणाचें. लाखवें नाणें पहिल्यासारखेंच असेल, कड तीच, छाप मधोमध, अक्षर तेंच. हें वचन दिलें गेलें तेव्हांच त्याचा भंग होणें शक्य झालें. आज ज्याला आपण टांकसाळीची चूक म्हणतों, ती कल्पना खऱ्या अर्थानें यंत्राबरोबर जन्माला आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. जो ढळलेला छाप नागोठण्यास रोजचा होता, तो मुंबईस अपवाद ठरला.

यंत्राच्या नाण्याचा जन्म तीन पायऱ्यांनीं होतो, आणि चुकाहि तीनच जातींच्या असतात. पहिली पायरी कोऱ्या चकतीची. धातूच्या लांब पट्टींतून पोलादी पंजानें चकत्या कापल्या जातात. पट्टी पुरेशी पुढें सरकली नाहीं तर पुढची चकती आधींच्या भोकावर चढते, आणि तिच्या कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. कात्रीनें किंवा कानशीनें पैसा तोडूनहि अशी कोर काढतां येते. वजन दोन्ही ठिकाणीं कमीच भरतें. मग फरक कसा ओळखावा? चकतीची कड उचलण्यासाठीं ती दाबांतून फिरवितात. एका अंगाला धातु नसली तर समोरच्या अंगाला पुरता दाब बसत नाहीं. म्हणून खऱ्या चुकीच्या नाण्यावर कोरेच्या बरोबर समोरची कड बहुधा फिकी व बसकी असते. शिवाय कोरेजवळचीं अक्षरें धातु ओढली गेल्यासारखीं पसरट होत जातात. कात्रीनें तोडलेल्या नाण्याची समोरची कड ठसठशीत असते आणि अक्षर तुटल्या जागीं एकदम थांबतें.

दुसरी पायरी ठशाची. ठसा पोलादाचा असला तरी लक्षावधि घाव सोसून तो तडकतो. ठशावर भेग पडली कीं ती खोल असते, आणि तिच्यांत नाण्याची धातु शिरल्यामुळें नाण्यावर उंच रेघ उमटते. नाण्याला नंतर कशानें ओरखडा पडला तर तो खोलगट असतो. ही एकच खूण ध्यानांत ठेवली तरी घरच्या घरीं अर्ध्या शंका मिटतील: उंच रेघ बहुधा टांकसाळीची, खोल रेघ बहुधा हाताची. ठशाच्या खोबणींत तेल व धुरळा भरला तर अक्षर अर्धवट उठतें किंवा मुळींच उठत नाहीं. तें झिजलें आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु झीज नेहमीं उंच भागापासून सुरू होते. राजाचा गाल, मुकुटाची कड, सिंहाची आयाळ आधीं गुळगुळीत होते व सपाट तळ शेवटीं. गाल ताजा आणि शेजारचें अक्षर मात्र गायब असेल, तर दोष ठशाचा आहे.

तिसरी पायरी घावाची. चकतीभोंवतीं पोलादी कडें असतें. तींत ती नीट बसली नाहीं तर छाप एका अंगाला पडतो व उरलेला भाग कोराच राहतो. असें नाणें बहुधा पूर्ण वर्तुळ राहत नाहीं, आणि त्याचा कोरा भाग पाडल्यासारखा नैसर्गिक असतो; घासून कोरा केलेला नसतो. कधीं आधींचें नाणें वरच्या ठशाला चिकटून बसतें, आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजीं त्या नाण्याचीच प्रतिमा दाबली जाते, उलटी आणि खोल. नाण्यांच्या बाजारांत अशा नाण्याला ‘लक्खी’ म्हणतात व त्याला मागणी मोठी आहे. मागणी आली कीं नक्कलहि आली. दोन नाणीं एकमेकांवर ठेवून शेगड्यांत आवळलीं तर एकावर दुसऱ्याची उलटी खूण उमटते. पण शेगड्याला ठशाची ताकद नसते. त्याची खूण अर्धवट असते, मूळचा छाप तिच्याखालीं चिरडलेला दिसतो, आणि पाठीमागची बाजू सपाट होऊन बसते. खऱ्या लक्खीवर खोल प्रतिमेखालीं दुसरा छाप नसतो, आणि मागची बाजू बहुधा नेहमींसारखी उठावदार असते.

युद्धकाळांतील भोकाच्या पैशावर हा सारा धडा एकाच जागीं गिरवितां येतो. १९४३ ते १९४७ या सालांचा हा कांशाचा पैसा अनेकांनीं बोल्टांत चकतीऐवजींहि वापरला. त्याला भोक हा नियम, आणि भोक नसणें ही चूक. शिवराईला अथवा पाव आण्याला भोक असणें ही इजा. भोक मध्यापासून ढळलेला पैसा टांकसाळींतून येऊं शकतो, कारण आधीं चकतीला भोक पडे व मग छाप बसे. अशा पैशावर भोकाची कड छापाच्या दाबानें किंचित् दबलेली व गुळगुळीत असते. नंतर पाडलेल्या भोकाची कड धारदार राहते आणि अक्षर अर्ध्यांतच कापून जाते. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यालाहि हाच न्याय लागतो. मधली चकती ठोकून काढलेलें रिकामें कडें हें मोडलेलें नाणें; चकती ढळून बसलेली असतां तिच्यावर व कड्यावर छाप अखंड पसरलेला असेल, तर तें चुकलेलें नाणें. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे कीं, २०११ च्या नाणें कायद्यानें चालू नाणें वितळविणें अथवा मोडणें हा गुन्हा ठरविला आहे. तेव्हां चूक ‘घडवून’ आणणारा केवळ गिऱ्हाइकालाच फसवितो असें नाहीं.

वाचकांनीं आपल्या घरचीं नाणीं पाहतांना फार साधनें जमविण्याची गरज नाहीं. एक चांगलें भिंग, सोनाराचा लहान कांटा आणि त्याच जातीचें एक धड नाणें, एवढें पुरे. प्रथम धड नाणें शेजारीं ठेवावें. कारण नियम काय होता हें ठाऊक असल्याखेरीज अपवाद ओळखतां येत नाहीं. मग वजन करावें. नंतर कड पाहावी, कारण लबाडी बहुधा कडेवर उघडी पडते. मग विचारावें: ही खूण उंच आहे कीं खोल? ती छापाच्या आधींची, छापाबरोबरची कीं नंतरची? चकती, ठसा किंवा घाव यांपैकीं कोणत्या पायरीवर ती घडूं शकते? तिन्ही पायऱ्यांवर तिला जागा मिळत नसेल, तर ती टांकसाळीची नव्हे, मग विकणारा कांहींहि सांगो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, नाणें घासूं नये. चिंचेनें उजळलेली शिवराई पूजेला शोभते, पण साक्षीला उभी राहत नाहीं.

शेवटीं पुन्हां बट्ट्याकडे येऊं. शेतसारा भरतांना कुळवाड्यानें आणलेलें नाणें कमी भरलें तर बट्टा त्याच्याच माथीं बसे. मक्तेदारानें पैसा मुळांतच हलका पाडला होता कीं काय, हें त्याला विचारतां येत नसे. आणि विचारलें असतें तरी त्याच्या हातांतील झिजलेल्या तांब्यावरून तें त्या दिवशीं कोण सिद्ध करणार होतें? ज्याचा दोष होता तो सुटला, आणि ज्याच्या हातांत नाणें आलें त्यानें भरपाई केली, असें पुष्कळदां घडलें असेल. महाराजांनीं इंग्रजांना दिलेल्या उत्तरांत रयतेच्या तोट्याचा जो उल्लेख आहे त्याचें मोल यामुळेंच मोठें. टांकसाळीची चूक व हाताची झीज यांचा निवाडा करणें म्हणजे जुन्या व्यवहारांतील जबाबदारीचा निवाडा करणें आहे. तो निवाडा आज कोणाच्या पदरांत पैसे टाकणार नाहीं. परंतु एखाद्या शिवराईवरील गळलेली वेलांटी पाहून ती झिजली कीं कोरलीच नव्हती, एवढें जरी आपणांस खात्रीनें सांगतां आलें, तरी ज्याचें नांव कोणत्याहि दप्तरांत नाहीं अशा एका कोरक्याचा हात आपण ओळखला असें होईल. तांब्याच्या एका पैशानें याहून अधिक काय द्यावें?